ताडपत्रीखालची जुनी गाडी: आधी ओळख, मग निर्णय

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)

गटाच्या बैठकीत आपण कर्जाचे हप्ते, रेशन कार्ड, मुलांच्या फिया, दुखणीखुपणी असे सगळे विषय घेतो. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज बोलायचं आहे जुन्या मोटारगाडीबद्दल.

"आमच्याकडे कुठली आली गाडी?" असं तुम्ही म्हणाल. पण सध्या अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास चालू आहे. इमारत रिकामी करायची तारीख ठरली की माळे उपसले जातात, ट्रंका उघडल्या जातात. कंपाउंडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली सासऱ्यांची किंवा वडिलांची एखादी गाडी वर्षानुवर्षं उभी असते. माणूस गेलेला असतो, गाडी राहिलेली असते. मग भंगारवाला येतो, पत्र्याचा किलोवर भाव सांगतो आणि दुपारच्या दुपारी गाडी टोचन करून नेतो. त्या वेळी दारात बहुतेक वेळा आपणच उभ्या असतो. म्हणून हा विषय आपला आहे.

मला आज एवढंच सांगायचं आहे: गाडी ठेवायची, विकायची की मोडीत काढायची, हे नंतर ठरवा. आधी ती कोणती आहे, कधीची आहे आणि कागदावर कोणाची आहे, हे शोधा. सोनं विकताना आपण आधी वजन करतो, कस बघतो. गाडीचंही तसंच आहे.

जुनी म्हणजे किती जुनी?

"खूप जुनी आहे हो," एवढ्याने काही कळत नाही. जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाला फिवा म्हणतात. त्यांच्या हिशेबाने किमान तीस वर्षांची, जपलेली गाडी ऐतिहासिक धरली जाते. त्यातही काळाप्रमाणे वर्ग आहेत. १९०४ पर्यंतच्या गाड्या सगळ्यांत आधीच्या, १९०५ ते १९१८ च्या व्हेटरन, १९१९ ते १९३० च्या विंटेज आणि त्यापुढे युद्धाआधीच्या व युद्धानंतरच्या असे गट येतात.

आपल्या सरकारचं माप वेगळं आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटून गेलेली आणि मूळ रूपात असलेली खासगी दुचाकी किंवा मोटार ही विंटेज. म्हणजे १९७४ साली नोंदलेल्या गाडीची पन्नाशी २०२४ मध्ये भरली. ‘मूळ रूपात’ हे शब्द लक्षात ठेवा, त्यांच्याकडे पुन्हा यायचं आहे.

आपल्याकडे कोणत्या गाड्या सापडतात?

मुंबईत गाड्या नुसत्या परदेशातून आल्या असं नाही, इथे जोडल्याही गेल्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना काढला आणि सुटे भाग आणून तिथे शेवरोलेसारख्या गाड्या जोडल्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना कुर्ल्याला होता. तिथे आधी डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या गेल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० निघू लागली. आज कुर्ला पश्चिमेला कोहिनूर सिटी दिसते ना, ती जागा याच कारखान्याची.

त्यामुळे आपल्या उपनगरांत ताडपत्री उचलली की खाली बहुतेकदा फियाट निघते. कधी कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची लँडमास्टर किंवा अँबेसेडर, कधी मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड, तर कधी मॉरिस, ऑस्टिन अशी विलायती गाडी. युद्धाआधीची गाडी निघणं विरळा, पण जुन्या वाड्यांत आणि बंगल्यांत अजूनही एखादी असते.

नुसतं पाहून काय कळतं?

फियाटपासून सुरुवात करू. पहिल्या वर्षांतल्या फियाटचं नाक गोल, अंग गुबगुबीत. तिला लोकांनी नाव दिलं डुक्कर फियाट. तिच्या पुढच्या दाराची बिजागरी मागच्या बाजूला असते, म्हणजे दार आपल्या नेहमीच्या गाडीपेक्षा उलटं उघडतं. हे आठवणीत असू द्या, कारण दार बदलणं अवघड असतं आणि रंग कितीही वेळा मारला तरी ही खूण पुसत नाही. पुढे साठच्या दशकात चौकोनी बांध्याची डिलाइट आली. फियाटबरोबरचा करार संपल्यावर तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. हीच पुढे आपली काळी-पिवळी टॅक्सी. साधारण २००० सालापर्यंत ती बनत राहिली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या टॅक्सीतून तिचा कायमचा निरोप झाला.

म्हणजे डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी या दिसायला बहिणी-बहिणी. डिकीवरचा नावाचा बिल्ला पाहून निवाडा करू नका. बिल्ले बाजारात मिळतात आणि लोकांनी हौसेने बदललेले असतात. पन्नास वर्षांपूर्वीची डिलाइट आणि नव्वद सालची पद्मिनी यांत कायद्याने आणि किमतीनेही फरक आहे. तो फरक बिल्ला नाही, कागद आणि नंबर सांगतात.

गाडी युद्धाआधीची असेल तर खुणा वेगळ्या. हेडलाइट अंगात बसवलेले नसून मडगार्डवर किंवा दांड्यावर सुटे उभे असतात. दाराखाली पाय ठेवायला लांब पायरी असते. चाकांना लाकडी किंवा तारांचे आरे असतात. समोर खाली हँडल घालायचं भोक असतं. विजेवर सुरू होणारी गाडी कॅडिलॅकने १९१२ मध्ये आणली, पण त्यानंतरही कित्येक वर्षं गाड्यांना हँडल मारायची सोय ठेवत असत. काही विलायती गाड्यांच्या दोन दारांमधल्या खांबातून वळताना एक छोटा हात बाहेर येतो, तो त्या काळचा सिग्नल. अशी एखादी खूण दिसली तर भंगारवाल्याशी बोलणं तिथेच थांबवा.

नंबर कुठे शोधायचे?

प्रत्येक गाडीला तीन ओळखी असतात: नोंदणीचा नंबर, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. नोंदणीचा नंबर पाटीवर असतो. ‘एमएच’ ने सुरू होणारे नंबर १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाल्यानंतरचे. त्याआधीच्या पाट्यांवर वेगळी अक्षरं होती, ‘बीएम’ ने सुरू होणारा नंबर हा मुंबई राज्याच्या जमान्यातला. तेव्हा जुनी अक्षरं दिसली तर पाटी फेकू नका.

चेसिस नंबर गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो. शिवाय बॉनेट उघडल्यावर, इंजिनच्या मागच्या पत्र्यावर बऱ्याच गाड्यांना एक छोटी धातूची पट्टी रिव्हेट केलेली असते. इंजिन नंबर इंजिनच्या ओतीव भागावर असतो. आजच्या गाड्यांना सतरा अक्षरी नंबर असतो, पण ही पद्धत जगात सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या सुरुवातीला रुळली. त्याआधीच्या गाडीचा नंबर लहानच असणार. त्यामुळे कोणी "नंबर अपुरा आहे, गाडी बोगस आहे" म्हणालं तर घाबरू नका.

नंबर वाचायला वायर ब्रश किंवा सँड पेपर वापरू नका. घासून अंक गेले तर गाडीची ओळखच गेली. रॉकेलमध्ये बुडवलेल्या मऊ फडक्याने हलकेच पुसा. मग वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा, अंक कागदावर उमटतात. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून करायचो तसंच. आरटीओतही चेसिसची अशी पेन्सिल प्रिंट घेतात. सोबत मोबाइलवर फोटो काढा: चारही बाजू, बॉनेटखाली, डिकी, डॅशबोर्ड, काचेच्या कोपऱ्यातल्या खुणा, दिव्यांवरची नावं. सुट्या भागांवर कधी कधी महिना आणि वर्षाचे शिक्के असतात. विलायती गाड्यांतल्या लुकास कंपनीच्या भागांवर ते हमखास दिसतात. एका भागाने काही सिद्ध होत नाही, कारण भाग बदललेले असू शकतात. पण चार भाग एकच काळ सांगत असतील तर गाडीही बहुधा त्याच काळातली.

कागद: ट्रंकेत शोधा

आता महत्त्वाचं. आरसी बुक शोधा. जुनी आरसी म्हणजे छोटी वही असायची. तिच्यात गाडी कोणत्या कंपनीची, कोणत्या साली बनली, कधी नोंदली आणि आजवर कोणाकोणाच्या नावावर होती, हे सगळं असतं. बनल्याचं साल आणि नोंदणीचं साल वेगळं असू शकतं. विंटेजसाठी पहिल्या नोंदणीची तारीख धरतात, म्हणून दोन्ही टिपून घ्या. मग आरसीतले चेसिस आणि इंजिनचे नंबर तुमच्या पेन्सिल प्रिंटशी अंक-अंक जुळवा.

आमच्या मुलुंडच्या गटातल्या एका ताईंकडे हेच झालं. सोसायटी रिकामी करायची नोटीस आली होती आणि सासऱ्यांच्या फियाटचा भाव ठरूनही गेला होता. त्यांनी आधी पितळेच्या डब्यातले कागद काढले. दार उलटं उघडणारी, म्हणजे डुक्कर फियाट, आरसीतलं सालही पन्नाशीतलं आणि दोन्ही नंबर जुळणारे. पण नाव अजून सासऱ्यांचंच, आणि त्यांना जाऊन बरीच वर्षं झालेली. म्हणजे जी गाडी विकायला निघाल्या होत्या, ती विकण्याचा कागदोपत्री अधिकार त्यांच्याकडे नव्हताच. नणंद आणि दिरांची संमती घेऊन आता नाव बदलण्याचं काम चालू आहे. गाडी ठेवायची की द्यायची, ते त्या नंतर ठरवणार आहेत. घाईने दिली असती तर पैसे तर गेलेच असते, वर नणंदेशी वाकडंही आलं असतं.

नियम असा आहे: गाडीचा मालक वारला तर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची. सोबत मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि इतर वारसांची संमती लागते. उशीर झाला असेल तरी काम होतं, दंड आणि खेपा वाढतात इतकंच. आरसी हरवली असेल तर पोलिसात नोंद करून नमुना २६ वर दुसरी प्रत मागता येते. खूप जुन्या गाडीची नोंद आरटीओच्या संगणकावर नसते, तेव्हा जुन्या रजिस्टरवरून ती चढवून घ्यावी लागते. त्याला तिथे बॅकलॉग एन्ट्री म्हणतात, हाच शब्द वापरा. अंधेरीकडच्यांना अंधेरीचं आरटीओ, बोरिवलीकडच्यांना बोरिवलीचं आणि घाटकोपर-मुलुंडच्यांना वडाळ्याचं.

आणि एक, २०२१ पासून आरसीवर वारसदार म्हणून नॉमिनीचं नाव घालता येतं. घरात आज चालू गाडी किंवा स्कूटर असेल तर आजच नवऱ्याला विचारा, नॉमिनी कोण आहे?

विंटेज नोंदणी करावी का?

पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीसाठी नमुना २० वर अर्ज करायचा. सोबत विमा, फी आणि जुनी आरसी, बाहेरून आणलेली गाडी असेल तर कस्टमचा बिल ऑफ एंट्री. २०२१ च्या नियमात नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आणि दहा वर्षांनी पुन्हा नोंदणीला पाच हजार अशी ठेवली आहे. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो.

पण अटी ऐका. गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. आपल्याकडे पेट्रोल महाग म्हणून फियाटमध्ये, अँबेसेडरमध्ये डिझेल इंजिन बसवायची चाल होती. अशी गाडी इथे अडते. म्हणून म्हटलं, नंबर जुळवा. दुसरी अट, ही गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच बाहेर काढायची. तिसरी अट, तिचा धंद्यासाठी वापर करता येत नाही. "लग्नाला, शूटिंगला भाड्याने देऊ, महिन्याला पैसे येतील" असं कोणी सुचवलं तर त्या हिशेबावर गटाचं कर्ज उचलू नका. रविवारी नातवंडांना घेऊन फिरायचं असेल, तर नेहमीचं पासिंग करून साधी नोंदणी चालू ठेवणंच बरं.

हात लावण्याआधी

वर्षानुवर्षं बंद असलेली गाडी "बघू चालू होते का" म्हणून स्टार्टर मारून किंवा ढकलून सुरू करू नका. आतले भाग गंजून चिकटलेले असतात, जोर केला तर मोडतात. टाकीतलं जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं, ते आधी काढायला लागतं. बॅटरी सहा व्होल्टची की बारा, हे मेकॅनिकला तपासायला सांगा. जुन्या अमेरिकन गाड्या सहा व्होल्टच्या असत. विलायती गाड्यांत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असे, म्हणजे आजच्या उलट. न बघता जोडली तर वायरिंग जळतं. आणि विकण्याआधी चमकवायला म्हणून रंग तर मुळीच मारू नका. जाणकार माणूस नव्या रंगापेक्षा जुन्या मूळ रंगाला जास्त मान देतो.

विकताना आणि घेताना

विकायची ठरली तर किमान तीन ठिकाणी भाव विचारा. मुंबईत विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे. त्यांच्या रॅली भरतात तेव्हा जाऊन बघा, लोक आपल्या गाडीबद्दल हौसेने बोलतात. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. नमुना २९ आणि ३० पूर्ण भरून, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवून मगच किल्ली द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की कागदावर ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाईही त्याच्याकडेच येते. भंगारात द्यायची असेल तरी सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या आणि दाखला घ्या. नाहीतर गाडी मोडेल आणि तिचा नंबर दुसऱ्याच गाडीवर फिरत राहील.

घ्यायची हौस असेल तर पहिली गाडी अशी घ्या जिचे भाग मिळतात. फियाटचे भाग ऑपेरा हाउसकडच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अजून शोधता येतात. जाताना फ्रिजवरचा चुंबक फडक्यात गुंडाळून न्या आणि दाराखाली, मडगार्डवर लावून बघा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. समुद्राची हवा आणि आपला पाऊस पत्र्याला खातो, म्हणून पायाखालची चटई उचलून तळ नक्की बघा. नजर बसवायची असेल तर अहमदाबादजवळ कठवाड्याला ऑटो वर्ल्ड हे जुन्या गाड्यांचं मोठं संग्रहालय आहे. बोरिवलीहून गाड्या भरपूर आहेत, गटाची सहलही काढता येईल.

गाड्या हा पुरुषांचा विषय असं कोणी म्हटलं तर बर्था बेंझचं नाव सांगा. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत ही बाई नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन दोन मुलांसह मॅनहाइमहून फोर्झहाइमला गेली. मोटारीने केलेला तो पहिला लांबचा प्रवास. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने टोपीच्या पिनेने ती मोकळी केली.

तर या आठवड्यासाठी चार कामं. ताडपत्री उचला, फोटो काढा, नंबरांची पेन्सिल प्रिंट घ्या आणि आरसी शोधून नाव कोणाचं आहे ते बघा. स्वतःकडे गाडी नसेल तर शेजारच्या आजींना विचारा. पुढच्या बैठकीत कागद घेऊन या, फॉर्म आपण मिळून भरू.